सहा महिने ते दोन वर्षं: महाराष्ट्राचं बालपोषण जिथे अडलं

२००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ४६ टक्के मुलं खुजी आढळली होती. दोन वर्षांची मुलगी साधारण ८६ सेंटिमीटर भरते. ती ८० च्या आत राहिली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने खुजी ठरते. आईबाप बुटके म्हणून मूल बुटकं, असं म्हणून हा आकडा झटकता येत नाही. राज्यातली जवळजवळ निम्मी मुलं एकाच वेळी बुटक्या घराण्यांत जन्मत नसतात. पोटात असल्यापासून अन्न कमी पडलं, आजारपणं वारंवार आली, की शरीर आधी उंचीवर पाणी सोडतं. दोन वर्षांनंतर ही तूट भरून काढणं फार अवघड जातं, आणि मेंदूची बरीचशी वाढही याच काळात होऊन गेलेली असते.

२०१२ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने युनिसेफच्या मदतीने राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांची स्वतंत्र पाहणी केली. या वयोगटातलं खुजेपण २००५-०६ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. सरकारी कागदांत ३९ वरून २३ असेही आकडे सापडतात. हिशोब थोडा वेगळा, दिशा तीच. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या राज्यात सहा-सात वर्षांत एवढा फरक पडणं ही मोठी गोष्ट होती. २०१४ च्या पहिल्या जागतिक पोषण अहवालात महाराष्ट्राची दखल घेतली गेली, ब्रिटनमधल्या विकास अभ्यास संस्थेच्या संशोधकांनी त्याची कारणं शोधली.

त्यानंतर मात्र गाडी थांबली. पाच वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, पुढच्या पाहणीत ३५.२. हा दोष कोविडवर ढकलता येणार नाही, कारण ती पाहणी कागदोपत्री २०१९-२१ ची असली तरी महाराष्ट्रातलं तिचं काम २०१९ सालीच, साथ येण्याआधी, संपलं होतं.

हे प्रकरण मला राज्यातल्या इतर कुठल्याही आरोग्यविषयापेक्षा महत्त्वाचं वाटतं. यश आणि अडथळा, दोन्ही एकाच ठिकाणी इतक्या स्पष्टपणे क्वचित दिसतात. माझं म्हणणं असं, की राज्याने आईपर्यंत आणि दवाखान्यापर्यंतचं काम बऱ्यापैकी केलं. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाच्या वाटीपर्यंत मात्र कुणी पोचलंच नाही.

मिशनपर्यंतची वाट

नव्वदच्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य अस्वस्थ झालं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मंत्र्यांचे दौरे झाले, पावसाळा सरला की चर्चा ओसरायची आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुरू व्हायची. २००१ मध्ये गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या 'सर्च' या संस्थेने इतर संस्थांना बरोबर घेऊन 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदीत दिसतात त्याहून कितीतरी जास्त मुलं दगावतात, हे त्यात मोजून दाखवलं होतं. पुढे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. मोजणी खोटी असेल तर उपायही खोटा ठरतो, ही जाणीव राज्यकारभारात तेव्हापासून थोडीफार रुजली असं मी मानतो.

त्याच सुमारास मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबाद विभागात, सनदी अधिकारी व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने अंगणवाड्यांतून मुलांची वजनं नेमाने घेण्याची मोहीम सुरू झाली. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते, पण अंगणवाडीत काटा असणं, तो चालू असणं, प्रत्येक मूल त्यावर चढणं आणि आलेला आकडा जसाच्या तसा वहीत उतरणं यातलं एकही गृहीत धरता येत नव्हतं. तीव्र कुपोषित मुलांचा आकडा वाढला की सेविकेला बोलणी बसायची, म्हणून आकडा वाढतच नसे.

या कामातून मार्च २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. औरंगाबादला कार्यालय, युनिसेफची साथ, सुरुवातीला ठाणे, नाशिक, नंदुरबार, अमरावती आणि गडचिरोली हे आदिवासी वस्तीचे पाच जिल्हे, मग टप्प्याटप्प्याने सगळं राज्य. मिशनकडे स्वतःचा फार पैसा नव्हता. आरोग्य खातं आणि महिला-बालविकास खातं एकाच मुलाकडे दोन वेगळ्या वह्यांतून बघत होती, त्यांना एका टेबलाशी बसवणं हे मिशनचं खरं काम. सेविकांच्या आणि पर्यवेक्षिकांच्या रिकाम्या जागा भरणं हेही त्यातच आलं. बातमीत न येणारी ही कामं आहेत, पण रिकाम्या जागेवर कितीही चांगली योजना ठेवली तरी ती चालत नाही.

अतितीव्र कुपोषित मुलांसाठी तीन पायऱ्या बांधल्या गेल्या: गावात ग्राम बाल विकास केंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातलं बाल उपचार केंद्र, आणि त्याच्या वर जिल्ह्याचं पोषण पुनर्वसन केंद्र. गावातल्या केंद्रात मूल दिवसभर राहायचं आणि त्याला थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा खाऊ घातलं जायचं. हे पुढे लक्षात ठेवावं, कारण साऱ्या व्यवस्थेत मुलाच्या तोंडात घास जाताना कुणीतरी बघत होतं अशी ती जवळजवळ एकमेव जागा होती. मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळावर वळलं. दिशा अगदी बरोबर होती.

उंची कशाने वाढली

ब्रिटनच्या संशोधकांनी एकाच कारणाला माळ घातली नाही. पोषणाच्या योजना, अन्नाची आणि शिक्षणाची वाढलेली उपलब्धता, घटलेली गरिबी आणि कमी झालेली मुलांची संख्या, हे सगळं एकत्र काम करून गेलं असा त्यांचा निष्कर्ष होता. मला त्यात सगळ्यात ठळक दिसते ती आई.

२००५-०६ मध्ये राज्यातली ३६ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने फारच हडकुळ्या होत्या. २०१५-१६ पर्यंत ते प्रमाण २३.५ वर आलं. दवाखान्यातली बाळंतपणं याच काळात ६५ टक्क्यांच्या आसपास होती ती ९० वर गेली. मुली जास्त शिकल्या, लग्नं थोडी लांबली, दोन मुलांत अंतर पडलं. आई सुदृढ, तर बाळ जन्मताच दोन पावलं पुढे असतं. पुढे २०१९ पर्यंत सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध पाजण्याचं प्रमाणही ७१ टक्क्यांपर्यंत चढलं. पूर्वी ते ५५ च्या आसपास घोटाळत होतं.

म्हणजे जन्माआधीचा काळ सुधारला आणि जन्मानंतरचे सहा महिने सुधारले. राहिले ते पुढचे अठरा महिने.

त्या अठरा महिन्यांचा आकडा वाचून दरवेळी जीव खाली-वर होतो. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार, म्हणजे वयाप्रमाणे पुरेशा वेळा आणि निदान चार अन्नगटांतलं खाणं, २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात साडेसहा टक्के मुलांना मिळत होता. पुढच्या पाहणीतही हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहिलं. मुंबई, पुणे, ठाणे, सगळी श्रीमंती धरूनचा हा आकडा आहे. शिकलेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या घरांतही बहुतेक बाळांच्या वाटीत पुरेसं काही पडत नाही, हे त्यातून सरळ निघतं.

त्याची सावली इतरत्र पडलेली दिसते. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे लुकडी मुलं २००५-०६ मध्ये १६.५ टक्के होती. पुढच्या दोन्ही पाहण्यांत २५.६. त्यातली अतिलुकडी ५.२ वरून ९.४ आणि मग १०.९ टक्के झाली. देशाची लुकडेपणाची सरासरी १९.३ असताना महाराष्ट्र तिच्यापेक्षा वाईट आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांतलं रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ मधल्या ५३.८ वरून पुढच्या पाहणीत ६८.९ टक्क्यांवर गेलं.

वाटीत काय असतं

आपल्याकडे उष्टावण थाटात होतं. मामाच्या मांडीवर बसवून, चांदीच्या वाटीतून खीर चाटवून, फोटो काढून. दुसऱ्या दिवसापासून त्या वाटीत काय येतं? वरणाचं पाणी. भाताची पेज. डाळ न घेता वरचं निवळ, कारण डाळ 'जड' पडेल. थोडं मोठं झालं की चहात किंवा दुधात बुडवलेलं बिस्किट, टोस्ट, खारी. बाळाने मान फिरवली की 'पोट भरलं'. यात कुठल्याही आईचा हलगर्जीपणा नाही. लेकराला पचायला हलकं द्यावं, ठसका लागू नये, जुलाब होऊ नयेत, ही काळजीच त्यामागे असते, आणि घरातल्या सासवा-आज्यांनी हेच केलेलं असतं.

पण हिशोब करून पाहावा. नऊ ते अकरा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाखेरीज वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे ३०० कॅलरी लागतात. सहा ते आठ महिन्यांत २००, वर्षानंतर ५५०. आता बाळाचं पोट. वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २४० ग्रॅम मावतं. अंगावरचं दूधही त्याच पोटात जायचं असतं. त्या एवढ्याशा जागेत आपण पाणी ओतलं, तर बाळ पोटभर खाऊनही उपाशी राहतं. वरणाच्या पाण्यात डाळ जवळजवळ नसते. डाळीतली प्रथिनं खाली बसलेल्या गोळ्यात असतात आणि तो गोळा मोठ्यांच्या ताटात जातो.

तीच वाटी दुसऱ्या तऱ्हेने भरू. २५ ग्रॅम तांदूळ, १५ ग्रॅम मूगडाळ, त्यात शिजताना मूठभर शेवग्याचा पाला किंवा पालक. उतरवल्यावर चमचाभर तेल किंवा तूप, आणि दोन चमचे भाजलेल्या दाण्यांचं बारीक कूट. धान्य-डाळीच्या सुमारे १४०, तेलाच्या ४५, कुटाच्या ५० कॅलरी, मिळून २३५ च्या आसपास. चमच्यावरून सहज न ओघळण्याइतकी घट्ट ठेवून ही दिवसभरात दोन-तीनदा थोडी थोडी भरवली आणि जोडीला अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून दिलं, की नऊ महिन्यांच्या बाळाचा दिवस बऱ्यापैकी निघाला. यात बाजारातून आणायची एकही महागडी वस्तू नाही. फरक पडतो तो तेलाने, कुटाने आणि घट्टपणाने. तेल बाळाला खोकला करतं, हा समज घराघरांत आहे. पण सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कमी जागा घेणारी ऊर्जा तेलातच आहे. अख्खे शेंगदाणे मात्र लहान मुलाला कधीच देऊ नयेत, घशात अडकतात. वर्षाच्या आत मधही नको. अंडं पूर्ण शिजलेलं हवं.

लोहाचं गणित वेगळं आणि जास्त कठीण आहे. जन्मताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. आईच रक्तक्षयी असेल, आणि राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया तशा आहेत, तर हा साठा मुळातच तोकडा. बाजरीत शंभर ग्रॅममागे सहा मिलिग्रॅमच्या वर लोह आहे, पण धान्य-भाजीतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. लिंबाचे चार थेंब पिळले तर जास्त शिरतं, चहाने अडतं. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा सगळ्यात मोठा तोटा इथे आहे. साखर-मैदा पोट भरतो आणि चहा जे काही लोह आलं असेल तेही वाया घालवतो. मांस, मासे, कलेजी यांतलं लोह सहज शोषलं जातं. किनारपट्टीवर सुकट-जवळा भाजून, बारीक पूड करून आमटीत-भातात घालण्याची रीत होती. ती बाळाच्या वाटीपर्यंत आणता येईल, फक्त खारवलेली सुकट आधी धुऊन मीठ काढून घ्यावं. विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीची कण्या-आंबील, घाटावर नाचणीचं सत्त्व, हेही होतंच. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे. पण सत्त्वाच्या नावाखाली पांढरं पातळ पाणी पाजलं, तर पुन्हा तीच गोष्ट.

पाकीट घरी जातं, पुढे?

अंगणवाडीची रचना पाहिली की अडचण कुठे आहे ते उघड होतं. तीन ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं, बसतं, गरम जेवतं. सेविका त्याला जेवताना बघते. सहा महिने ते तीन वर्षांचं मूल येत नाही. त्याच्यासाठी घरी शिधा जातो: शिरा, उपमा, सुकडी अशी तयार मिश्रणाची पाकिटं. २०२० च्या टाळेबंदीत पाकिटांऐवजी कोरडा शिधा दिला गेला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात या मुलासाठी दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवलेली होती. वाटपाच्या वहीत ती मिळालेलीच असतात.

घरात पाकीट फुटलं की ते घराचं होतं. शिरा सगळी भावंडं खातात, आणि खायलाच हवा, समोर बसलेल्या चार वर्षांच्या ताईला वगळून धाकट्याला कोण भरवेल? चव सगळ्यांना आवडतेच असं नाही, मग ती पिठं गुरांच्या पुढ्यात जातात. व्यवस्थेला हे दिसत नाही, कारण तिची नजर उंबऱ्यापाशी थांबते.

त्या उंबऱ्याआड बाळाला भरवतं कोण? सहा महिन्यांनंतर आई शेतात, रोजंदारीवर, शहरात धुण्या-भांड्यांना जाते. बाळ आजीकडे, नाहीतर आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे असतं. बाळाला भरवणं हे अर्ध्या तासाचं, कंटाळवाणं, पुन्हा पुन्हा करायचं काम आहे. मूल थुंकतं, रडतं, पळतं. दिवसातून तीन-चार वेळा ते करायला एक मोकळा, शहाणा माणूस लागतो. गरीब घरात अन्नाइतकीच या माणसाची टंचाई असते. आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा मुलाच्या हातात दिला की तो माणूस लागत नाही! बिस्किटं आणि कुरकुरीत पाकिटं वस्तीवस्तीत पोचली आहेत त्यामागे जाहिरातीइतकंच हेही कारण आहे.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड कुटुंबांत तर सगळंच टोकाला जातं. दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो तो मार्च-एप्रिलपर्यंत. आई पहाटे फडात उतरते, बाळ उसाच्या पाचटाशेजारी झोळीत किंवा कोपीत. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचं नाव असतं, कारखान्याच्या तळावर नसतं. अठरा महिन्यांतले पाच-सहा महिने असे गेले, तर कोणतं पाकीट त्याला पुरणार? याच पट्ट्यात, बीड-परभणी-जालन्यात, मुलींची कमी वयातली लग्नं राज्याच्या सरासरीहून बरीच जास्त आहेत. कोवळ्या वयाची आई, तिचं कमी वजनाचं बाळ आणि फडातला हिवाळा हे तिन्ही एकाच घरात येतात.

शेतीचाही हात यात आहे. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन आणि कापूस पसरले तशी घरच्या कणगीतली ज्वारी, तूर, मूग, उडीद, भुईमूग आटली. पैसा थोडा जास्त आला असेल, पण पूर्वी जी डाळ आणि शेंगा पोत्यात असायच्या, त्या आता दुकानातून मोजून आणाव्या लागतात. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात, डाळ-तेल नेमाने मिळत नाहीत. वाटीत तांदूळच का उरतो याचं निम्मं उत्तर इथे आहे.

अंड्याची गोष्ट

राज्याने वाटीपर्यंत जाण्याचा एक चांगला प्रयत्न केला, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. २०१५ च्या अखेरीस आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण, ताजं जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं. पुढे सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, आणि जे खात नाहीत त्यांना केळी. अंडं उकडून समोर दिलं तर ते त्याच मुलाच्या पोटात जातं, त्यात वाटेकरी होत नाहीत, भेसळ होत नाही, आणि सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं मिळतात. अंड्याने एकट्याने उंची वाढते का, यावर इक्वेडोरमध्ये 'हो' आणि मलावीमध्ये 'फारशी नाही' अशी उत्तरं प्रयोगांतून आली आहेत. मलावीतल्या त्या मुलांना मासे आधीपासून मिळत होते. महाराष्ट्रातल्या बहुतेक बाळांना मासेही मिळत नाहीत, अंडंही नाही. आपली अवस्था इक्वेडोरच्या बाजूची आहे.

ही योजना आदिवासी पट्ट्यापुरती राहिली. बीडच्या ऊसतोड मजुराचं किंवा गोवंडीच्या झोपडपट्टीतलं बाळ तिच्या बाहेर आहे. शाळांच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं देण्याचं ठरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. अर्थसंकल्पाच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. विरोधाचे सूर होते, ते मला ठाऊक आहेत आणि ज्यांना नको त्यांना केळी होतीच. ज्या राज्यात दर चार मुलांमागे एक लुकडं आहे, त्या राज्याने हे अंडं काढून घ्यायला नको होतं.

२०१६ मध्ये पालघरच्या मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी राज्य पुन्हा हादरलं, तेव्हा ग्राम बाल विकास केंद्रांची आठवण झाली. कुणीतरी बसून भरवतं ती जागा आपल्याला मूल अतितीव्र कुपोषित झाल्यावर आठवते. ती आधी का नसावी?

छत्तीसगडमध्ये याचं एक उत्तर तयार आहे. बिलासपूरजवळ गनियारीला काम करणाऱ्या जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने गावागावांत फुलवाऱ्या चालवल्या, आणि पुढे राज्य सरकारनेही तो मार्ग उचलला. फुलवारी म्हणजे सहा महिने ते तीन वर्षांच्या दहा-पंधरा मुलांचं गावातलंच पाळणाघर. गावातल्याच बाया मुलांना सांभाळतात; सत्तू, तेल घातलेली खिचडी, अंडी असं दिवसातून दोन-तीनदा भरवतात. आई निर्धास्त कामावर जाते, मोठी बहीण शाळेत जाते. पाकीट वाटण्यापेक्षा याला खर्च जास्त येतो, कारण यात माणसाच्या वेळेचे पैसे मोजावे लागतात. पण ज्या गोष्टीची टंचाई आहे, तीच गोष्ट इथे पुरवली जाते. महाराष्ट्रात याची सुरुवात साखर कारखान्यांच्या तळांवर व्हावी असं मला ठामपणे वाटतं. तिथे शेकडो लहान मुलं एका जागी महिनोन्‌महिने असतात, आणि कारखान्याकडे जागा, पाणी, वीज सगळं असतं.

पाळणाघर उभं राहीपर्यंत हातात जे आहे तेही कमी नाही. २०१८ पासून देशभर आशांनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचं ठरलेलं आहे. या पाच भेटींत वजन-लसीची चौकशी होते, वरच्या आहाराचा सल्लाही दिला जातो. तो सल्ला बहुधा तोंडी असतो आणि आईला दिला जातो. घरात भरवणारी आजी चुलीपाशी असते. नववा महिना हा कळीचा. त्या भेटीला आशाताईने जेवणाच्या वेळी जावं, बाळाची वाटी आणि चमचा बघायला मागावा, आजीलाच खिचडी घट्ट करायला, त्यात तेल-कूट घालायला सांगावं, आणि बाळ निदान पाच-सात घास खाईपर्यंत तिथून उठू नये. वडील घरी असतील अशी वेळ साधली तर आणखी बरं. घरात अंडी आणायची की नाही हे बहुतेक ठिकाणी त्यांच्या खिशावर ठरतं. अशा भेटीला पाऊण तास लागतो. आज आशांना तुटपुंजा मोबदला मिळतो आणि डोक्यावर इतकी कामं आहेत, की त्या पाच मिनिटांत निघतात यात त्यांचा दोष नाही. या एका भेटीचा मोबदला वाढवून तिच्याकडून पाऊण तास मागून घेतला, तर राज्याला नवं खातं, नवं ॲप, नवं पाकीट काहीच लागणार नाही.